फॅटी लिव्हर आणि टोमॅटो : लाल रंगामागचे विज्ञान किती पक्के?

पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' अशी नोंद आली, की घरातले वातावरण बदलते. बहुतेक वेळा ही तपासणी दुसऱ्याच कारणाने झालेली असते. कोणाला पित्ताशयातील खड्यांची शंका असते, तर कोणी कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीसाठी गेलेला असतो. रुग्णाला त्रास असा काहीच होत नसतो. डॉक्टर वजन उतरवायला सांगतात, रोज चालायला सांगतात आणि पुष्कळदा एकही गोळी लिहून देत नाहीत. आजाराचे नाव तर मिळाले, पण औषध मिळाले नाही, या अवस्थेत सापडलेला माणूस मग शेजारीपाजारी आणि नातेवाईक यांच्या हाती लागतो. आवळ्याचा रस, कोमट लिंबूपाणी यांच्या यादीत अलीकडे टोमॅटोची भर पडली आहे. सकाळी उपाशीपोटी टोमॅटोचा रस घ्यावा, नाही तर त्यातील 'लायकोपीन' या द्रव्याच्या कॅप्सूल घ्याव्यात, असे सांगितले जाते.

हा सल्ला अगदीच निराधार नाही. टोमॅटोतील काही वनस्पतिजन्य द्रव्यांचा यकृताशी संबंध असल्याचे प्रयोगशाळांत गेल्या काही दशकांत दिसून आले आहे. मात्र जे उंदरात दिसले ते माणसात दिसले असे नव्हे, आणि जे टोमॅटोत आहे ते कॅप्सूलमध्ये असेलच असेही नव्हे. या दोन पायऱ्या गाळून काढलेला निष्कर्ष रुग्णाच्या अंगाशी येऊ शकतो, म्हणून हे विज्ञान मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

आजार साधा, पण पसारा मोठा

यकृताच्या पेशींत ५ टक्क्यांहून अधिक चरबी साठली, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. मद्यपान न करणाऱ्यांतही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्याची मुळे पोटाचा घेर, मधुमेह, रक्तातील वाढलेले मेद यांत असतात. म्हणूनच जगभरातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ मध्ये या आजाराचे नाव बदलले. 'नॉन अल्कोहोलिक' हा शब्द वगळून चयापचयातील बिघाडाशी त्याची सांगड घालण्यात आली. भारतातील पाहण्यांचा एकत्रित आढावा दिल्लीच्या 'एम्स'मधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार प्रौढांमधील प्रमाण सुमारे ३८.६ टक्के, म्हणजे दर पाच जणांमागे जवळजवळ दोन, इतके आहे. त्याआधी, २०२१ मध्ये केंद्र सरकारने या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला होता.

यांपैकी बहुसंख्य लोकांचे यकृत पहिल्याच पायरीवर थांबते. काहींमध्ये मात्र चरबीपाठोपाठ दाह सुरू होतो, दाहानंतर यकृतात चिवट तंतू तयार होऊ लागतात आणि वर्षानुवर्षे हे चालू राहिले तर सिऱ्होसिस, क्वचित कर्करोगही, उद्भवतो. टोमॅटोवरील संशोधनाचा सारा रोख चरबीकडून दाहाकडे आणि दाहाकडून कर्करोगाकडे जाणाऱ्या या वाटेवर आहे.

लाल रंगात दडलेले काय?

पिकलेल्या टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणीच असते. १०० ग्रॅम टोमॅटोतून जेमतेम १८ कॅलरी मिळतात. उरलेल्या पाच-सहा टक्क्यांत मात्र रसायनांची मोठी गर्दी आहे. क जीवनसत्त्व आहे, कॉफीतही आढळणारे क्लोरोजेनिक आम्ल आहे, रुटिन हे फ्लॅव्होनॉइड आहे. टोमॅटोच्या पातळ सालीत नॅरिंजेनिन चाल्कोन नावाचे पिवळसर द्रव्य असते. साल सोलून फेकणारी मंडळी ते फेकून देतात. हिरव्या कच्च्या टोमॅटोत टोमॅटिन हे कडवट अल्कलॉइड असते आणि फळ पिकत जाते तसे त्याचे प्रमाण झपाट्याने घटते.

या सर्वांत चर्चा होते ती लायकोपीनची. फळाला लाल रंग देणारे हे द्रव्य गाजरातील बीटा कॅरोटिनच्या कुळातले, पण शरीरात त्याचे अ जीवनसत्त्व होत नाही. ४० कार्बन अणूंची लांबलचक साखळी आणि तिच्यात एकाआड एक गुंफलेले ११ दुहेरी बंध अशी त्याची रचना असते. या रचनेमुळे ते ऑक्सिजनच्या एका अतिशय आक्रमक रूपाला शांत करू शकते. कॅरोटिनॉइड कुळात हे काम लायकोपीन सर्वांत प्रभावीपणे करते, असे जर्मनीतील हेल्मुट झीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये परीक्षानळीत दाखवून दिले आणि तेव्हापासून लायकोपीनचे नाव गाजू लागले.

यकृताशी त्याचा संबंध येतो तो त्याच्या प्रवासामुळे. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही; स्निग्ध पदार्थांबरोबरच ते आतड्यात शोषले जाते, मेदकणांवर स्वार होऊन रक्तात येते आणि यकृतात पोहोचते. ते ज्या अवयवांत विशेष साठते, त्यांत यकृत अग्रभागी आहे. या साठवणीचा एक जरा विलक्षण पुरावा १९६० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील एक मध्यमवयीन बाई कित्येक वर्षे रोज सुमारे दोन लिटर टोमॅटोचा रस पीत होती. तिची त्वचा नारिंगी झाली. यकृताचा तुकडा काढून तपासला, तेव्हा त्यातही लायकोपीन साठलेले आढळले. रस बंद केल्यावर काही आठवड्यांत रंग ओसरला. यकृताला इजा झाल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला नाही; पण 'नैसर्गिक आहे, कितीही घ्या' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

चरबीने भरलेल्या यकृतात ती जाळण्याचे काम पेशींना जादा करावे लागते. त्यातून ऑक्सिजनची आक्रमक रूपे तयार होतात आणि ती पेशींच्या आवरणांना इजा करतात. लायकोपीन त्यांना थोपवते, असे आरंभी मानले जात होते. मात्र ऊतींमध्ये लायकोपीन इतके थोडे असते, की केवळ एवढ्याने सारा परिणाम समजावून सांगता येत नाही. त्यामुळे लायकोपीन आणि त्याच्या विघटनातून निघणारी द्रव्ये पेशींतील काही नियंत्रक प्रथिनांना इशारा देतात व चरबी साठवण्याऐवजी ती जाळण्याकडे पेशीचा कल वळवतात, या मांडणीकडे आता संशोधक अधिक झुकले आहेत.

प्रयोगशाळेत काय दिसले?

या विषयावर सर्वांत चिकाटीने काम झाले ते अमेरिकेत बोस्टन येथील टफ्ट्‌स विद्यापीठाच्या पोषण संशोधन केंद्रात. तेथील शियांग-डाँग वांग यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना कर्करोगकारक रसायन टोचून नंतर स्निग्धांशाने भरलेला आहार देण्यात आला. ज्या उंदरांना लायकोपीन किंवा टोमॅटोचा अर्क मिळाला, त्यांच्या यकृतात कर्करोगपूर्व पेशींचे पुंजके कमी आढळले. याच गटाने २०१८ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. शरीरात कॅरोटिनॉइडचे तुकडे करणारी विकरे जन्मतःच नसलेल्या उंदरांना २४ आठवडे टोमॅटोची पूड खाऊ घालण्यात आली. त्यांच्यातही यकृतातील गाठी आणि दाह कमी झाला. शिवाय आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढलेली दिसली. म्हणजे टोमॅटोचा प्रभाव थेट यकृतावर न पडता आतड्यांतील जिवाणूंच्या मार्फतही पडत असावा, ही शक्यता पुढे आली.

जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांना वेगळाच धागा सापडला. त्यांनी २०१२ मध्ये टोमॅटोच्या रसातून एक मेदाम्ल वेगळे काढले. यकृतातील चरबी जाळण्याची यंत्रणा सुरू करणाऱ्या 'पीपार-अल्फा' या प्रथिनाला हे आम्ल जागे करते; लठ्ठ व मधुमेही उंदरांच्या रक्तातील आणि यकृतातील ट्रायग्लिसराइड त्याने घटले. या मेदाम्लाचा लायकोपीनशी काडीमात्र संबंध नाही. बातमी प्रसिद्ध होताच जपानमधील दुकानांत टोमॅटोच्या रसावर ग्राहकांच्या उड्या पडल्या आणि कपाटे रिकामी झाली. संशोधन उंदरांवरचे होते, हा तपशील त्या गर्दीत अर्थातच मागे पडला.

एकटे लायकोपीन आणि सगळा टोमॅटो यांतील फरक दाखवणारा एक प्रयोग यकृतावरचा नाही, तरी महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग जडवलेल्या १९४ उंदरांपैकी काहींना टोमॅटोची पूड दिली, तर काहींना शुद्ध लायकोपीन. पूड खाणाऱ्या गटात कर्करोगाने मरण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी आढळला. शुद्ध लायकोपीनने मात्र ठळक फरक पडला नाही. टोमॅटोतील द्रव्ये एकमेकांच्या साथीने काम करतात, सुटी काढली की त्यांचे बळ घटते, हा तर्क येथून बळावला.

आणि मग मद्य. टफ्ट्‌स येथील याच गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष लायकोपीनच्या जाहिरातींत सहसा आढळत नाहीत. मद्य पाजलेल्या उंदरांना लायकोपीनचा मोठा डोस दिला, तेव्हा त्यांच्या यकृताचे रक्षण होण्याऐवजी दाह वाढला. मद्याचे विघटन करणारे आणि त्या प्रक्रियेत विषारी अवशेष निर्माण करणारे 'सीवायपी २ई१' हे विकर त्या यकृतांत वाढलेले आढळले. मद्य न दिलेल्या उंदरांत असा परिणाम दिसला नाही. शनिवारी रात्रीच्या पार्टीचे पाप रविवारी सकाळच्या कॅप्सूलने धुऊन निघेल, अशी आशा बाळगणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष पुरेसा बोलका आहे.

माणसांतील पुरावा विरळ

माणसांकडे वळल्यावर चित्र फिके होते. यकृतात चरबीबरोबर दाहही असलेल्या रुग्णांच्या रक्तात कॅरोटिनॉइडचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा कमी असते, असे जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांना २०११ मध्ये दिसून आले. पण कारण कोणते आणि परिणाम कोणता? भाज्या-फळे कमी खाणाऱ्यांना हा आजार अधिक होतो, असा त्याचा एक अर्थ होऊ शकतो. आजारी यकृतात ही द्रव्ये अधिक खर्ची पडतात, असा दुसराही अर्थ तितकाच शक्य आहे. याचा निवाडा करायचा तर रुग्णांचे मोठे गट करून, काहींना टोमॅटो आणि काहींना दुसरे काही देऊन, वर्ष-दोन वर्षे यकृताची तपासणी करीत राहावे लागते. त्या दर्जाच्या पुराव्याने टोमॅटो यकृताचे औषध ठरलेला नाही.

तुलनेसाठी वजन घटवण्याचा पुरावा पाहण्यासारखा आहे. क्यूबामध्ये २९३ रुग्णांना ५२ आठवडे आहार व व्यायामाचा कार्यक्रम देऊन त्याआधी आणि नंतर यकृताचा तुकडा तपासण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी वजन १० टक्के किंवा अधिक उतरवले, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांतील दाहयुक्त आजार मिटल्याचे आढळले. ८० किलो वजनाच्या माणसाला यासाठी ८ किलो कमी करावे लागतील, आणि ते सोपे नाही, हे खरेच. पेयांतच यकृताचा मित्र शोधायचा, तर बिनसाखरेच्या कॉफीच्या बाजूने माणसांच्या पाहण्यांतील पुरावा टोमॅटोच्या रसापेक्षा कितीतरी भक्कम आहे. पण कॉफीला 'घरगुती उपाय' म्हणून कोणी प्रतिष्ठा देत नाही.

टोमॅटोची गोळी विकण्याची कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत १८३० च्या दशकात जॉन कुक बेनेट नावाच्या डॉक्टरने अपचन आणि पित्तविकारांवर टोमॅटो गुणकारी असल्याचा प्रचार केला. त्या काळी यकृताच्या तक्रारींवर पाऱ्याचे कॅलोमेल सर्रास दिले जाई. त्याला निर्धोक पर्याय म्हणून १८३७ च्या सुमारास 'टोमॅटोच्या अर्काच्या' गोळ्या बाजारात आल्या. माइल्स आणि फेल्प्स या दोन विक्रेत्यांत वृत्तपत्रांच्या पानांतून जाहिरातयुद्ध पेटले आणि परस्परांच्या गोळ्यांत टोमॅटो नाहीच, असे आरोप झाले. काही वर्षांतच त्या गोळ्या बाजारातून गेल्या; टोमॅटो मात्र स्वयंपाकघरात कायमचा मुक्कामाला आला.

आजच्या कॅप्सूलमध्ये लायकोपीन असते, एवढा फरक मान्य करायला हवा. पण तिच्या दाव्यांना मिळालेली अधिकृत मान्यता फारशी उत्साहवर्धक नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये टोमॅटो, लायकोपीन आणि कर्करोग यांविषयीचा उपलब्ध पुरावा तपासला. सुट्या लायकोपीनने कोणताही कर्करोग टळतो, याला विश्वासार्ह आधार नसल्याचे त्याने नमूद केले. टोमॅटोच्या बाबतीतही काही मोजक्या कर्करोगांपुरता अत्यंत मर्यादित पुरावा त्याला आढळला. त्याच कुळातील बीटा कॅरोटिनचा धडा तर अधिक कटू आहे. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत, ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढल्याचे १९९४ मध्ये उघड झाले. भाज्यांतून निर्धोक असलेले द्रव्य गोळीतून वेगळे वागू शकते, हे वैद्यकाला तेव्हा प्रथमच इतक्या स्पष्टपणे कळले.

यकृताच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट लागते, कारण पोटात जाणाऱ्या प्रत्येक अर्काची छाननी याच अवयवाला करावी लागते. करोनाच्या साथीत, २०२० च्या अखेरीस, गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली आणि ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला. वाद काहीही असो, ज्याचे यकृत आधीच अडचणीत आहे त्याने कोणताही अर्क डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये, यावर दुमत होण्याचे कारण नाही.

फोडणीचे रसायन

स्वयंपाकघरातील टोमॅटोविषयी मात्र विज्ञान बरेच ठामपणे बोलते. कच्च्या टोमॅटोत लायकोपीन पेशींच्या भिंतींआड अडकलेले असते. उष्णतेने त्या भिंती फुटतात आणि तेलात ते विरघळते. जर्मनीत १९९२ मध्ये झालेल्या प्रयोगात टोमॅटोचा रस थोडे तेल घालून उकळून दिला, तेव्हा स्वयंसेवकांच्या रक्तातील लायकोपीन वाढले; न शिजवलेल्या रसाने वाढले नाही. सकाळी उपाशीपोटी कच्चा रस पिणाऱ्यांच्या पदरात यकृताच्या दृष्टीने काय पडते, याचे उत्तर येथे मिळते. पुढे १९९७ मध्ये तेथील संशोधकांना तेलासह घेतलेल्या टोमॅटोच्या पेस्टमधून ताज्या टोमॅटोच्या अडीच पट लायकोपीन रक्तात पोहोचल्याचे आढळले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २००२ मध्ये ८८ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेल्या टोमॅटोतून क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटले, पण मोकळे होणारे लायकोपीन १६४ टक्क्यांनी वाढले.

कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतणे किंवा टोमॅटोच्या साराला तूप-जिऱ्याची फोडणी देणे, या मराठी घरांतील नित्याच्या कृती म्हणजे नेमके हेच रसायन आहे. त्यासाठी एक लहान चमचा तेल किंवा तूप पुरते. त्याहून वाढवले, की लायकोपीनच्या नावाखाली कॅलरीच पोटात जातात. टोमॅटो-काकडीच्या कोशिंबिरीतही दाण्याचे कूट किंवा फोडणी असतेच. शिजवलेल्या टोमॅटोबरोबर कच्ची कोशिंबीर ठेवली, तर गमावलेले क जीवनसत्त्वही मिळते.

घसरण होते ती बाटलीतल्या सॉसपाशी. मोजमाप पाहिले तर १०० ग्रॅम केचपमध्ये १२ मिलिग्रॅमच्या आसपास लायकोपीन असते, ताज्या टोमॅटोत जेमतेम अडीच ते तीन. पण त्याच केचपमध्ये २० ग्रॅमहून अधिक साखर आणि भरपूर मीठ असते. जादा साखरेतील फ्रुक्टोजचे रूपांतर यकृत चरबीत करते. म्हणजे फॅटी लिव्हरवर उपाय म्हणून वड्यासोबत केचप ओतणे हा प्रकार आगीत तेल घालण्याचा आहे. घरच्या घरी टोमॅटो शिजवून, गाळून, साखर न घालता आटवलेली प्युरी यापेक्षा केव्हाही बरी.

लायकोपीनची मक्तेदारी टोमॅटोकडे नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. कलिंगडात १०० ग्रॅममागे सुमारे साडेचार मिलिग्रॅम आणि गुलाबी गराच्या पेरूत पाच मिलिग्रॅमच्या आसपास लायकोपीन असते, म्हणजे कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक. लाल गराच्या पपईतही ते आढळते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने अनेक शहरांत किलोला शंभरी ओलांडली, तशी वेळ पुन्हा आली तर यकृताच्या काळजीने महागडे टोमॅटो विकत घेण्याचे कारण नाही.

काही रुग्णांना टोमॅटोही मोजून खावा लागतो. १०० ग्रॅम टोमॅटोत सुमारे २३५ मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी माणसाला ते हितकारकच. पण मूत्रपिंडे दुबळी झालेल्यांच्या रक्तात पोटॅशियम साचू शकते. सिऱ्होसिसमुळे पोटात पाणी झालेल्या रुग्णांना पुष्कळदा स्पायरोनोलॅक्टोन हे औषध दिले जाते आणि तेही पोटॅशियम वाढवते. अशा रुग्णाने रोज ग्लासभर रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवे. डबाबंद रसात मीठ असेल, तर ते पोटातील पाणी वाढवते. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा छातीत जळजळण्याचा त्रास आहे, त्यांनाही आंबट रस उपाशीपोटी सोसत नाही; त्यांच्यासाठी जेवणातले, भाताबरोबरचे सारच बरे.